चहाचं मूळ

सिद्धेश्वरीनं वडिलांकडून वचन घेतलं ते मेथी निवडताना. रविवारी पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर अप्पांनी कुठल्याही शब्दाचं मूळ काढायचं नाही, असं ते वचन होतं.

"एकाही शब्दाचं नाही," ती म्हणाली. "मराठी नाही, कन्नड नाही. तेलुगू तर नाहीच नाही."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"अप्पा, मुलगी बघायला आलेला माणूस शब्दाचं मूळ कशाला विचारेल?"

रुद्रप्पांना ते पटलं. आजवर त्यांना कुणीच आपण होऊन काही विचारलं नव्हतं. त्यांनी मेथीच्या जुडीवर हात ठेवून वचन दिलं, आणि मेथी हा शब्द कुठून आला हे ओठांवर आलेलं मोठ्या कष्टानं गिळलं.

रुद्रप्पा बिराजदार सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना निरोपाला शाल आणि नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून करायला काही उरलं नाही. त्याच सुमारास रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड शब्दकोश सापडला. पुढं घरात जे झालं ते त्यांच्या बायकोच्या, अक्कम्माबाईंच्या शब्दांत सांगायचं तर, "दुसऱ्याची माणसं निवृत्तीनंतर देवाला लागतात, आमची शब्दाला लागली." तसा हा रोग एकट्या रुद्रप्पांचा नव्हे. आपण सोलापूरकर सगळेच थोडेफार त्यातले. घरात कन्नड, दारात मराठी, पूर्व भागात गेलं की तेलुगू आणि रिक्षात बसलं की दखनी, त्यामुळं साधं मीठ मागायचं तरी आपल्याला चार भाषांतून निवड करावी लागते. हे लिहिणाराही त्याच पंथातला आहे, तेव्हा रुद्रप्पांना हसताना त्यानं जरा जपूनच हसलेलं बरं.

पण रुद्रप्पांचं प्रमाण जास्त होतं, हे कबूल करायला हवं. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी त्यांच्यामुळं रस्ता बदलला होता. रुद्रप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. ते स्वतःच म्हणायचे, "माझी पंचाईत काय होते, माझं सांगणं संपेपर्यंत ऐकणारा घरी जाऊन जेवून झोपलेला असतो." एवढं कळत असूनही ते बोलायचे थांबत नसत, कारण कळणं आणि थांबणं या दोन गोष्टींचा कुठल्याच भाषेत काही संबंध नाही.

येणारे पाहुणे होते अनिलकुमारच्या घरचे. अनिलकुमार अकलूजकडं साखर कारखान्यात केमिस्ट होता. त्याचं आणि सिद्धेश्वरीचं आपापसात केव्हाच ठरलं होतं आणि जात-पोटजात, पत्रिका, उंची असं काहीही आड येत नव्हतं. आड येऊ शकत होता फक्त एक माणूस, अनिलकुमारचे आजोबा बसलिंगप्पा. होटगीच्या पलीकडच्या गावात त्यांची शेती होती आणि वडील लहानपणीच गेल्यामुळं अनिलकुमारला त्यांनीच वाढवलं होतं. त्यांनी नको म्हटलं तर अनिलकुमार लग्न करणार नाही, हे त्यानं सिद्धेश्वरीला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. तिला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं आणि आता त्याचीच भीती वाटत होती.

त्यातून आज्ज्यांच्या, म्हणजे बसलिंगप्पांच्या घरात एक जुनी रीत होती. सोयरीक बघायला गेलं की तोंडानं हो किंवा नाही म्हणायचं नाही. पसंत पडलं तर त्या घरचा चहा प्यायचा. नसलं तर कपाला हात न लावता उठायचं आणि "येतो" म्हणून चपला घालायच्या. पुढं त्यावर चर्चा नाही. अनिलकुमारच्या चुलतभावाच्या वेळी आज्जा असेच एका घरातून उठले होते. त्या घरानं नंतर किती माणसं मध्ये घातली, पण तो चहा काही परत ओठापर्यंत गेला नाही.

म्हणून सगळी तयारी चहाच्या भोवती झाली. अक्कम्माबाई नवी पेठेत जाऊन कपबश्यांचा नवा सेट घेऊन आल्या. रुद्रप्पा बरोबर होते. त्यांनी दुकानदाराला बशी या शब्दाबद्दल काही सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं घासाघीस न करता सेट बांधून हातात दिला. नवऱ्याच्या विद्येचा एवढा उपयोग अक्कम्माबाईंना पहिल्यांदाच झाला.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. बसलिंगप्पा कपाळाला विभूती, अंगावर पांढरं धोतर आणि खांद्यावर घोंगडीसारखी जाड शाल अशा थाटात सोफ्यावर बसले. शेजारी त्यांची सून, म्हणजे अनिलकुमारची आई मल्लव्वा, आणि कडेला अनिलकुमार. रुद्रप्पांनी हात जोडून "या" म्हटलं, "बसा" म्हटलं आणि ते गप्प झाले. ऊन, पाऊस, रस्ते असं काहीतरी बोलता आलं असतं, पण एक शब्द काढला की त्याच्या मागचे सगळे निघतील ही धास्ती होती. ते इतके गप्प बसले, की मल्लव्वानं आत जाऊन अक्कम्माबाईंना हळूच विचारलं, "बरं नाही का यांना?"

सिद्धेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं एकेक कप समोर ठेवला. शेंगापोळीची बशी मधोमध ठेवली. बसलिंगप्पांनी तिच्याकडं बघितलं, मान हलवली, आणि कपाच्या दिशेनं हात नेला. अक्कम्माबाईंनी दाराआड देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात आज्ज्यांना काहीतरी आठवलं आणि तो हात मध्येच थांबला.

"अनिल सांगत व्हता, तुमी शब्दाचा लई अभ्यास करता म्हनं," ते रुद्रप्पांना म्हणाले. "मग मला येक सांगा की. आमी गावाकडं च्या म्हनतो. ही आमची सून इजापूरकडची, ती चा म्हनती. हे पोरगं टी म्हनतंय. ह्यातलं खरं कुटलं?"

सिद्धेश्वरीनं अनिलकुमारकडं बघितलं. अनिलकुमारनं मान खाली घातली. होणाऱ्या सासऱ्याबद्दल घरात काहीतरी चांगलं सांगावं म्हणून त्यानं बिचाऱ्यानं हे सांगितलं होतं. रुद्रप्पांनी मुलीकडं बघितलं. पथ्यावरच्या माणसापुढं कुणी गरम भजी ठेवावीत आणि वर आग्रहही करावा, तशी त्यांची अवस्था झाली. पाहुण्यानं आपण होऊन विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. उत्तर न देणं हा पाहुण्याचा अपमान ठरला असता.

"थोडक्यात सांगतो," रुद्रप्पा म्हणाले.

सोलापुरात कुणी हे वाक्य उच्चारलं, की शहाण्या माणसानं आपल्या चपला कुठं आहेत ते बघून ठेवावं. रुद्रप्पा चीनमध्ये शिरले. तिथं अक्षर एकच, पण वाचायच्या तऱ्हा दोन. बऱ्याच मुलखात त्याला ‘चा’ म्हणतात आणि दक्षिणेच्या एका किनाऱ्यावर ‘ते’ म्हणतात. ज्या देशांत हा माल उंटावरून, जमिनीच्या वाटेनं गेला तिथं ‘चा’ गेला. इराणात चाय, रशियात चाय, तुर्कस्तानात चाय, आणि आपल्या बेगमपेठेतसुद्धा चाय. ज्या देशांत तो त्या किनाऱ्यावरून डच लोकांच्या जहाजात बसून गेला, तिथं ‘ते’ गेला आणि इंग्लंडात उतरून त्याचा टी झाला. म्हणजे घरात बसल्या बसल्या मल्लव्वा उंटावर होत्या आणि अनिलकुमार जहाजात, असं रुद्रप्पांनी सांगितलं. त्यावर मल्लव्वा थोडं हसली, आणि रुद्रप्पा इथंच थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

पण बसलिंगप्पांनी काय केलं, तर दोन्ही पाय वर घेऊन सोफ्यावर मांडी घातली, शाल सारखी केली आणि हात जोडल्यासारखे मांडीत ठेवले. कपाकडं त्यांनी बघितलंही नाही. रुद्रप्पांचं तिकडं लक्ष गेलं. चहा प्यायले नाहीत, म्हणजे अजून पसंत पडलेलं नाही. म्हणजे आपलं सांगणं कमी पडतंय. त्यांनी जोर वाढवला. माल जहाजानं नेऊनही पोर्तुगीज ‘चा’ का म्हणतात, त्यांनी माल दुसऱ्या बंदरातून कसा उचलला, जपानी लोक ‘चा’ला मान देऊन ओ-चा कसं म्हणतात, हे सगळं आलं. तेलुगू पुस्तकात तेनीरु लिहितात, पण आपल्या पूर्व भागातल्या कुठल्या हॉटेलात आजवर कुणी तेनीरु मागितलंय, असा प्रश्न त्यांनी विचारला. चहावर साय धरली.

अनिलकुमारला राहवलं नाही. त्यानं हळूच आपला कप उचलला. आज्ज्यांनी मान न वळवता नुसते डोळे वळवले आणि त्यानं कप जसाच्या तसा बशीत ठेवला. हे सिद्धेश्वरीनं बघितलं. नातवालाही पिऊ देत नाहीत, म्हणजे संपलंच, असं तिला वाटलं. तिनं खोकून बघितलं, तर रुद्रप्पांनी "पाणी पी" म्हणून सांगितलं आणि पुढं चालू केलं. दारातून अक्कम्माबाई दबक्या आवाजात "साकु री" म्हणाल्या, म्हणजे पुरे करा. रुद्रप्पांनी ते ऐकलं, आणि साकुचं मूळ निदान आज काढायचं नाही एवढं भान त्यांनी राखलं.

अक्कम्माबाईंनी कप उचलून नेले आणि चहा पुन्हा गरम केला. पुन्हा आणून ठेवला. तोही निवला. मग घरातलं दूध संपलं, म्हणून सिद्धेश्वरी शेजारच्या वच्छलाबाईंकडं पातेलं घेऊन गेली आणि त्यांच्या दारातच रडायला लागली. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रुद्रप्पांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळं चीन त्यांना पाठ होता. त्या म्हणाल्या, रडू नको, मी त्यांना फोन करते, नळाला पाणी आलंय म्हणून खोटं सांगते, ते एकदा बाहेर आले की माणसं आपोआप चहा पितील.

युक्ती चांगली होती. फोन वाजला, रुद्रप्पांनी घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वच्छलाताई, पाणी राहू द्या. इथं पाहुण्यांना चहाचं सांगतोय, चांगलं रंगलंय. तुम्ही पण या ऐकायला." पाहुण्यांसमोर बोलावल्यावर न जाणं बरं दिसेना. वच्छलाबाई दूध घेऊन आल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या, त्याही चहाशिवाय.

नव्या दुधाचा, आलं घातलेला चहा आला. या वेळी अक्कम्माबाईंनी ठरवून पुढं होऊन सांगितलं, "घ्या, निवतोय." बसलिंगप्पांनी तळहात वर केला आणि म्हणाले, "थांबा."

बस, एवढंच. अक्कम्माबाई पांढऱ्याफटक पडल्या. रुद्रप्पांनी तो हात बघितला, आणि डच लोकांचं जहाज दुसऱ्यांदा अर्ध्या समुद्रात असताना त्यांचं तोंड बंद झालं. त्यांना सगळं एकदम दिसलं. समोर पुन्हा निवत चाललेला चहा, कोपऱ्यात डोळे लाल झालेली मुलगी, घड्याळाकडं बघणारी मल्लव्वा. तेहतीस कोटी देव सोडून आपण आपल्याच जिभेच्या नादी लागलो आणि पोरीचं ठरलेलं लग्न तोंडानं खाऊन टाकलं, असं त्यांना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. बसलिंगप्पा रुद्रप्पांकडं बघत होते आणि रुद्रप्पा फरशीकडं.

शेवटी बसलिंगप्पांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"आज्जा, बसा," सिद्धेश्वरी पुढं येऊन म्हणाली. "अप्पांचं बोलणं मनावर घेऊ नका. जन्मभर कचेरीत साहेब बोलले आणि यांनी ऐकलं, म्हणून आता बोलतात. माणूस वाईट नाही. त्यांच्या बोलण्यासाठी मला नाही म्हणू नका. मला लग्न अनिलशीच करायचंय."

बसलिंगप्पा अर्धवट उठलेले तसेच राहिले. "न्हाई कोन म्हनलं, पोरी? पाय वळला माजा. मांडी घालून किती येळ बसायचं."

"मग टी का घेत नव्हता तुमी?" अनिलकुमारनं विचारलं. आज्ज्यांना असा प्रश्न त्यानं जन्मात पहिल्यांदा विचारला असेल.

म्हातारा खरोखर चकित झाला. "पुरान चालू असताना कुनी च्या पितं व्हय रे? सरावनात मठात तुला मांडीवर घेऊन बसायचो, तवा काय शिकवलं? सांगनारा सांगतोय तोवर तोंडाला पानी सुदिक लावायचं न्हाई. समाप्ती झाली की मग परसाद."

खोलीत कुणाच्या काही लक्षात यायला जरा वेळ गेला. मग मल्लव्वानं डोक्यावरचा पदर तोंडाशी नेला. वच्छलाबाईंनी छताकडं बघितलं. ज्या माणसाला बघून फिरायला जाणारी मंडळी रस्ता बदलतात, त्याच्यापुढं हा म्हातारा इतका वेळ हात जोडून, तहानलेला, पुराण म्हणून बसला होता. इतका मान रुद्रप्पांना निरोपाच्या शालीनंही दिला नव्हता.

"बसा आता," बसलिंगप्पा परत टेकून पाय चोळत म्हणाले. "म्होरं सांगा. ते जहाज टोपीवाल्यांच्या देशात गेलं, बराबर. उंटावरचा च्या इरानात गेला, तेबी बराबर. पन आपल्यात कोन घेऊन आलं? आमच्या गावात च्या कुनी आनला त्ये सांगा, आनि समाप्ती करा. पुरान अर्धं ठिवून मी सोयरीक करनार न्हाई."

आणि इथंच रुद्रप्पांची खरी पंचाईत झाली, कारण हे त्यांना माहीत नव्हतं. कोशात यावर दोन-तीन मतं दिली होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. एरवी अशा वेळी ते काय करायचे, तर सगळी मतं सांगायचे, प्रत्येकाच्या बाजूनं अर्धा तास बोलायचे, आणि ऐकणारा दमला की विषय संपला असं समजायचे. आत्ताही ते जमलं असतं. एखादा व्यापारी रचून सांगितला असता तरी या घरात कोण पकडणार होतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर सिद्धेश्वरी उभी होती. ती काहीच खुणा करत नव्हती, नुसती बघत होती.

"ते मला माहीत नाही," रुद्रप्पा म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात अक्कम्माबाईंनी चौकट धरली. निवृत्तीपासून हे वाक्य या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे?" आज्ज्यांनी विचारलं.

"म्हणजे कोण म्हणतं फारशीतनं आला, कोण म्हणतं पोर्तुगीजांकडनं आला, कोण आणखी काय म्हणतं. खरं काय ते मला ठाऊक नाही. माझं ज्ञान एवढंच. इथं संपलं."

बसलिंगप्पांनी डोळे मिटून हात जोडले, कपाळाला लावले, आणि अनिलकुमारच्या आईकडं वळून म्हणाले, "झाली समाप्ती." त्यांनी कप उचलला, चहा बशीत ओतला, आणि मोठा आवाज करत एका दमात पिऊन टाकला. बशी खाली ठेवून ते रुद्रप्पांना म्हणाले, "मला म्हाईत न्हाई, एवढं म्हनायला येवढा येळ लावलात व्हय? घसा कोरडाठाक पडला माजा. अजून येक कप सांगा."

मग जे व्हायचं ते सगळं झालं. मल्लव्वानं सिद्धेश्वरीला जवळ बसवलं. अनिलकुमारनं एका हातात कप आणि एका हातात शेंगापोळी असं घेऊन खायला सुरुवात केली. अक्कम्माबाईंनी आत जाऊन डोळे पुसले आणि देवापुढं साखर ठेवली. वच्छलाबाईंनी आपणच उठून सगळ्यांना चहा दिला, नव्या पाहुण्यांना आपली ओळखही करून दिली, आणि लग्नात रुखवत मी मांडणार म्हणून सांगूनही टाकलं.

रुद्रप्पा सोफ्याच्या कडेला टेकले. पोरीचं झालं, हे त्यांना अजून नीट खरं वाटत नव्हतं. घसा त्यांचाही कोरडा पडला होता, आणि पाहुण्यांपेक्षा जास्त कारणानं. त्यांनी आपला वाफाळता कप उचलला आणि फुंकर घातली.

तेवढ्यात बसलिंगप्पांनी सोफ्यावर पुन्हा मांडी घातली.

"आता सोयरं झालाव," ते म्हणाले, "तवा आता तुमी माजं ऐका. आमच्याकडं येक खोंड व्हतं. आमचं वडील पायी चालत जाऊन बाजारातनं घेऊन आले. आता ते खोंड कसलं, हे कळायचं तर आदी तुमाला आमच्या वडलांच्या स्वभावाचं सांगाया पायजे."

रुद्रप्पांचे ओठ कपाला लागत आले होते. त्यांनी एकदा कपाकडं बघितलं, एकदा व्याह्यांकडं बघितलं, आणि कप हळूच बशीत ठेवला. मग त्यांनीही पाय वर घेऊन मांडी घातली आणि हात मांडीत ठेवले. खोंड अजून बाजारातसुद्धा पोहोचलं नव्हतं. अक्कम्माबाई आणि सिद्धेश्वरी दारात उभं राहून त्यांच्याकडं बघत होत्या. चहावर साय धरायला लागली, पण तो गरम करायला कुणीच उठलं नाही.